हार्ड डिस्क दहा मिनिटं चालते आणि गायब होते: आधी काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही

प्रॉब्लेम असा. बाहेरची हार्ड डिस्क लावली की दिसते, फोल्डर उघडतात, कॉपीला टाकलं की सुरुवातीला मस्त चालतं, मग कुठल्यातरी एका फाइलपाशी हिरवी पट्टी अडकते, स्पीड शून्यावर येतो आणि मिनिटभरात डिस्क गायब. काढून परत लावली की परत दिसते. परत दहा मिनिटं चालते, परत गायब. हे माझ्याकडे गेल्या सहा वर्षांत तीन वेगवेगळ्या डिस्कना झालंय आणि तिन्ही वेळा वरून अगदी सारखं दिसत असूनही कारण वेगळं निघालं, एकदा नुसती केबल, एकदा बॅड सेक्टर (सेक्टर म्हणजे डेटा लिहायची छोटी जागा, ती खराब झालेली) आणि एकदा आतलं वाचणारं हेडच गेलेलं. म्हणून सगळं एका ठिकाणी लिहून ठेवतेय, कारण घाईत चुकीच्या कारणावरचा उपाय केला तर वाचण्यासारखा डेटासुद्धा हातचा जातो.

मी पुण्यात नारायण पेठेत डीटीपीचं, म्हणजे छपाईसाठी पानं लावायचं काम करते. पुस्तकं, अहवाल, पत्रिका आणि गणपतीच्या आधीपासून दिवाळी अंक. दुसऱ्या वेळी जी डिस्क गेली ती १ टीबीची होती, तिच्यावर दोन दिवाळी अंकांची लावलेली पानं होती आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे घरचे जुने फोटो होते. बाबांचं घर शनिवार पेठेत नदीच्या बाजूला, १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं आणि पाणी शहरात शिरलं तेव्हा खालच्या खोल्यांमधलं सगळं गेलं, माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक होती तिच्यातले ४१ फोटो तेवढे राहिले. ते मी बऱ्याच वर्षांपूर्वी स्कॅन केले, मग मूळ फोटो आत्या आणि काकांकडे वाटले गेले, काहींना बुरशी लागली, काही कुठे गेले ते कोणालाच आठवत नाही. म्हणजे स्कॅन हीच आता खरी प्रत आणि ती एकाच डिस्कवर. तर जे लिहितेय ते अशा डिस्कसाठी आहे, जिच्यावरचं परत मिळणार नाही. सिनेमे आणि डाउनलोड असतील तर एवढं करायची गरज नाही, नवी डिस्क घ्या.

सगळ्यात पहिलं, ती डिस्क बंद करा. आत्ता. "अजून एकदा लावून बघते, निदान एवढं एक फोल्डर तरी येऊ दे" असं आपल्याला वाटतं आणि नेमकं तिथेच नुकसान होतं. डिस्कच्या आत तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे फिरत असते आणि वाचणारं हेड तिच्यापासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं, आपल्या डोक्याचा केस त्या फटीच्या हजारो पट जाड असतो. एखादा सेक्टर वाचता आला नाही की डिस्क स्वतःहून तो पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते, विंडोजही परत परत मागत राहतं, तेवढा वेळ थकलेलं हेड त्याच खराब जागेवर घासाघीस करत बसतं. आजारी डिस्कचे चालू तास मोजके असतात असं समजा आणि ते कशावर खर्च करायचे ते आधी ठरवा. लॅपटॉप नीट शटडाउन होत असेल तर करा, पाच-दहा मिनिटं नुसताच अडकून बसला असेल तर केबल काढा.

मग परत लावायच्या आधी खोलीतला पंखा, टीव्ही बंद करा आणि लावताना कान देऊन ऐका. याला लोक महत्त्व देत नाहीत पण अर्धं निदान आवाजावर होतं. हलकी घरघर आणि मधूनच कुरकुर हे नॉर्मल. ठराविक अंतराने टक... टक... टक असा आवाज आणि मग मोटर बसल्याचा आवाज म्हणजे बहुतेक हेडला आपली जागाच सापडत नाहीये. बारीक बीप बीप येत असेल आणि आत काही फिरतच नसेल तर हेड तबकडीला चिकटलंय किंवा मोटर जाम झालीये, त्या बीपच्या आवाजासाठी वेगळा स्पीकर नसतो, मोटर फिरायची धडपड करते तोच तो आवाज. खरवडल्यासारखा आवाज आला तर दुसऱ्यांदा लावायचीच नाही, तिथे विषय थेट लॅबचा.

पण टकटक ऐकून लगेच घाबरूही नका, कारण छोट्या पोर्टेबल डिस्कला करंट कमी पडला तरी ती अशीच टकटक करते आणि गायब होते. यूएसबी २.० चं पोर्ट ५०० मिलिअँपिअरच्या हिशोबाने बनवलेलं असतं, ३.० चं ९०० च्या. डिस्क सुरू होताना मोटरला जास्त करंट लागतो आणि स्वस्तातल्या हबवर, लांब केबलवर किंवा डेस्कटॉपच्या पुढच्या पोर्टवर तो पोचत नाही. म्हणून एकदाच, आखूड चांगली केबल घेऊन, डेस्कटॉप असेल तर मागच्या पोर्टला थेट लावून बघायचं. माझी पहिली डिस्क इथेच सुटली. केबल पिनपाशी सैल होती, टेबलाला धक्का लागला की डिस्क जायची, मला वाटायचं आपोआप जातेय. तापकीर गल्लीतून नवीन केबल आणली आणि ती डिस्क आजही चालू आहे.

केबल की डिस्क हे अंदाजाने ठरवायला लागत नाही. डिस्क स्वतःची तब्येत स्वतः लिहून ठेवते, त्याला स्मार्ट म्हणतात. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, लिनक्सवर स्मार्टमॉनटूल्स किंवा जीस्मार्टकंट्रोल. उघडलं की आकड्यांची यादी येते आणि वर निळा, पिवळा किंवा लाल रंग येतो, पण रंगावर अजिबात विसंबू नका, माझ्या दुसऱ्या डिस्कवर "गुड" लिहिलेलं होतं तेव्हासुद्धा फाइली अडकायला लागल्या होत्या. बघायचं ते शेवटच्या रॉ व्हॅल्यूच्या रकान्यात, आणि क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये तो आकडा सुरुवातीला हेक्समध्ये, म्हणजे ९ नंतर ए ते एफ अक्षरं वापरणाऱ्या मोजणीत येतो, सेटिंगमधून दशमान करून घ्या नाहीतर ए, बी, सी, डी बघून काही कळणार नाही. यादीतल्या प्रत्येक ओळीला एक नंबर असतो. विंडोजच्या मोजणीतला ५ नंबर म्हणजे लिनक्सच्या यादीतलाही ५ नंबर, पण क्रिस्टलडिस्कइन्फो पहिल्या रकान्यात नंबरही हेक्समध्येच दाखवतं म्हणून खाली दोन्ही देते.

५ नंबर म्हणजे रीअलोकेटेड सेक्टर, किती जागा खराब झाल्या म्हणून डिस्कने राखीव जागेतून बदलून घेतल्या. १९७, हेक्समध्ये सी५, हा करंट पेंडिंग, म्हणजे ज्या जागा वाचता येत नाहीयेत आणि अजून निकाल लागलेला नाही. १९८, सी६, अनकरेक्टेबल. या तिन्हीत शून्य पाहिजे. ५ नंबरवर थोडा आकडा आहे पण महिनोन् महिने तेवढाच आहे तर डिस्क चालू शकते, मी तरी तिच्यावर एकुलती एक प्रत ठेवणार नाही. पण १९७ वाढत असेल, आज ८, उद्या ४०, परवा २६४, तर ती डिस्क चाललीये हे नक्की. हे आकडे बरेचदा आठच्या पटीत वाढताना दिसतात कारण नव्या डिस्कमध्ये आतला खरा सेक्टर ४०९६ बाइटचा असतो आणि बाहेर तो ५१२ बाइटचे आठ तुकडे म्हणून दाखवतात. आणि १९९, सी७, सीआरसी एरर, हा मात्र डिस्कचा आजार नाही, साटाच्या रस्त्याचा आहे (साटा म्हणजे हार्ड डिस्क आतून जोडायची जोडणी), म्हणजे तिथली केबल किंवा कनेक्टर, बाहेरची यूएसबी केबल यात मोजली जात नाही. हा आकडा कधी मागे येत नाही, त्यामुळे जुना मोठा आकडा दिसला तरी केबल बदलल्यावर वाढायचा थांबला का एवढंच बघायचं. सुट्या केसमध्ये घातलेल्या काही डिस्कची स्मार्ट माहिती यूएसबीवरून दिसतच नाही, तिथे डिस्क केसमधून काढून डेस्कटॉपच्या साटा केबलला थेट लावली की दिसते. फक्त एक, कंपनीनेच बनवलेल्या काही पोर्टेबल डिस्कच्या सर्किटवर यूएसबीचं पोर्टच जोडलेलं असतं, साटा नसतोच, आणि काहींमध्ये त्या सर्किटमधूनच डेटा एन्क्रिप्ट होऊन जातो, त्यामुळे केस फोडून फायदा होत नाही, उलट काहीतरी मोडतं.

आता काय करायचं नाही ते. हा भाग मी जरा जोर देऊन लिहितेय कारण दुसऱ्या डिस्कच्या वेळी मी स्वतः यातली एक गोष्ट करून बसले होते.

विंडोज विचारतं, ड्राइव्ह वापरायच्या आधी फॉरमॅट करायला लागेल, करू का? नाही. त्याचा अर्थ डेटा गेला असा नाही, फाइल कुठे आहे हे सांगणारी अनुक्रमणिका त्याला वाचता आली नाही एवढाच अर्थ. कॅन्सल करा.

स्कॅन अँड फिक्स, म्हणजे चेकडिस्क. इथे मी चुकले. कोणीतरी सांगितलं, चेकडिस्क स्लॅश आर मार, बॅड सेक्टर दुरुस्त होतात, आणि मी रात्री लावून झोपले. चेकडिस्क फाइल सिस्टिम, म्हणजे फाइलींच्या नोंदींची व्यवस्था, नीट करण्यासाठी आहे, तुमच्या फाइली वाचवण्यासाठी नाही. ते डिस्कवर लिहितं, जुळत नाहीत त्या नोंदी उडवतं किंवा तुकडे फाउंड डॉट झिरो झिरो झिरो नावाच्या फोल्डरमध्ये नाव नसलेल्या फाइली म्हणून टाकतं, आणि आर लावला तर अख्खी डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतं, म्हणजे आधीच थकलेल्या हेडला रात्रभर पळवतं. सकाळी माझा पेंडिंगचा आकडा २६४ वरून दोन हजाराच्या वर गेला होता आणि एका अंकाचा जाहिरातींचा फोल्डर रिकामा दिसत होता. चेकडिस्क निरोगी डिस्कवर चालवायचं, लाईट गेल्यामुळे फाइल सिस्टिम बिघडली असेल तेव्हा. पेंडिंग सेक्टर दिसत असताना नाही.

रिकव्हरी सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर इन्स्टॉल करायचं नाही, वाचवलेल्या फाइली त्याच डिस्कवर सेव्ह करायच्या नाहीत. फ्रीझरमध्ये ठेवायची नाही, हा उपाय फार जुना आहे आणि अजून लोक सांगतात, थंड डिस्क बाहेर काढली की हवेतली वाफ तिच्यावर जमते, पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये तर विचारूच नका. डिस्कवर टपली मारायची नाही, हलवायची नाही, झाकणाचे स्क्रू उघडायचे नाहीत, धुळीचा एक कण त्या फटीपेक्षा कितीतरी मोठा असतो. आणि तसल्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कचं सर्किट काढून लावायचं, हेही आता चालत नाही, गेल्या बऱ्याच वर्षांपासून प्रत्येक डिस्कची तिच्यापुरती माहिती त्या सर्किटवरच्या रॉम चिपमध्ये असते, ती चिप इकडची तिकडे सोल्डर करायला लागते.

तर करायचं काय. आवाज ठीक आहे, केबल बदलून झाली, १९७ वर आकडा आहे आणि डिस्क अडकत अडकत का होईना वाचतेय, अशा डिस्कची इमेज काढायची. फाइली निवडून निवडून कॉपी करायच्या नाहीत. एक्सप्लोररमधून कॉपी करताना हेड अनुक्रमणिका बघायला पुढे, फाइल वाचायला मागे असं सारखं पळतं आणि एक खराब जागा आली की तिथेच हटून बसतं. इमेज म्हणजे डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत जशीच्या तशी उचलून दुसऱ्या डिस्कवर ठेवायची, नंतर जे काय शोधायचं, दुरुस्त करायचं, ते त्या कॉपीवर, मूळ डिस्क कपाटात. एखादं फोल्डर फारच महत्त्वाचं आणि छोटं असेल, समजा १०० एमबी, आणि पहिल्या झटक्यात उघडत असेल तर ते आधी उचला, याला माझी हरकत नाही, पण पहिल्यांदा अडकलं की थांबायचं.

यासाठी मी जीएनयू डीडीरेस्क्यू वापरते. फुकट आहे, लिनक्सवर चालतं, लिनक्स इन्स्टॉल करायची गरज नाही, सिस्टिमरेस्क्यू नावाचा तयार लाइव्ह पेनड्राइव्ह (इन्स्टॉल न करता त्याच्यावरूनच कंप्युटर चालू होतो असा) बनतो त्यात हे, टेस्टडिस्क आणि स्मार्टची टूल्स सगळं असतं. याची खासियत अशी की ते खराब जागेवर अडून बसत नाही, आधी सोपं सोपं सगळं उचलतं, अवघड जागा आली की उडी मारून पुढे जातं आणि त्या जागेची नोंद मॅपफाइलमध्ये करतं, मग शेवटी उरलेल्या जागांकडे परत येऊन कडेकडेने कुरतडत आत जातं. आपण जेवताना आधी भात संपवून मग काटेरी मासा निवांत खातो तसं. मॅपफाइल असली की मधे लाईट गेली, डिस्क गायब झाली, काहीही झालं तरी जिथे थांबलं तिथूनच पुढे. मॅपफाइल नाव न देता चालवलंत तर हा सगळा फायदा गेला, म्हणून ते विसरायचंच नाही आणि ती लाइव्ह पेनड्राइव्हच्या तात्पुरत्या मेमरीत नाही, नवीन डिस्कवर सेव्ह करायची.

तयारी: नवीन डिस्क जुनीपेक्षा मोठी घ्या. १ टीबीला १ टीबी नाही, २ टीबी, कारण इमेज ठेवून वर बाहेर काढलेल्या फाइलींनाही जागा लागते. मरणारी डिस्क शक्य असेल तर साटाला थेट, यूएसबीच्या मधल्या सर्किटला एरर आली की ते स्वतःच हँग होतं. डिस्क उभी-आडवी न हलवता टेबलावर सपाट आणि समोर छोटा पंखा, तापमान ४५ च्या आत राहिलं तर बरं. लॅपटॉपचं स्लीप बंद. आणि गुरुवारी सुरू करू नका, आमच्याकडे मेंटेनन्ससाठी लाईट गुरुवारीच जाते, यूपीएस नसेल तर शुक्रवारी सकाळी सुरू करा.

मग आधी डिस्कांची नावं बघायची, एलएसबीएलके कमांडने, आणि मॉडेल, साइझ, सिरियल नंबर स्टिकरवरून कागदावर लिहून टॅली करायचा. हे दोनदा करा. सोर्स आणि डेस्टिनेशनची अदलाबदल झाली तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर लिहिली जाईल आणि मग कोणीही काही करू शकणार नाही. मी म्हणूनच इमेज डिस्कवर डायरेक्ट न लिहिता नव्या डिस्कमधल्या एका फाइलमध्ये घेते, डिस्कवर थेट लिहायला डीडीरेस्क्यूला मायनस एफ असं मुद्दाम सांगायला लागतं, फाइलला लागत नाही, तेवढी एक कडी जास्त राहते.

कमांड टाइप करताना इंग्रजीत करायची, मी इथे उच्चार लिहितेय. पहिली फेरी: डीडीरेस्क्यू, मायनस डी, मायनस एन, मग जुन्या डिस्कचं नाव, मग इमेज फाइल, मग मॅपफाइल. मायनस डी म्हणजे मधली कॅश टाळून थेट डिस्कवरून वाच, मायनस एन म्हणजे शेवटचं कुरतडणं आत्ता करू नको. ही फेरी संपली की तीच कमांड मायनस एन काढून आणि मायनस आर ३ लावून, म्हणजे उरलेल्या जागा कुरतड आणि तीन वेळा प्रयत्न कर. इमेज आणि मॅपफाइलचं नाव तेच, अक्षर न् अक्षर तेच.

माझ्या डिस्कची पहिली फेरी १९ तास चालली, त्यात डिस्क चार वेळा गायब झाली. गायब झाली की डीडीरेस्क्यूला एरर वाढताना दिसतात आणि स्पीड एकदम खोटा खोटा वाढतो कारण वाचायला समोर काही नसतंच, तेव्हा लगेच कंट्रोल सी दाबून थांबवायचं, डिस्कची पॉवर काढून अर्धा तास थंड होऊ द्यायची आणि परत लावायची. परत लावल्यावर तिचं नाव बदललेलं असू शकतं, एसडीबी होती ती एसडीसी होते, म्हणून परत सिरियल नंबर टॅली. एकाच जागेवर आली की दर वेळी जात असेल तर मायनस कॅपिटल आर लावून उलट्या बाजूने, शेवटाकडून वाचायला लावा, खराब पट्टा दोन्ही बाजूंनी गाठता येतो. माझी तिसऱ्या वेळेनंतर उलट्या बाजूनेच पुढे सरकली. पहिल्या फेरीनंतर ३१२ एमबी राहिलं होतं, दुसरी फेरी दोन दिवस चालली आणि ३८ एमबीवर आली, तिथे मी थांबवली. अख्ख्या टीबीतलं ३८ एमबी. ती सुरू असताना मी त्याच खोलीत कॉट टाकून झोपत होते, आवाज बदलला तर कळावं म्हणून.

इमेज झाली की अर्धं काम झालं. जमत असेल तर इमेजची अजून एक कॉपी काढा आणि खेळ त्या कॉपीवर करा. विंडोजवर ओएसएफमाउंट नावाच्या सॉफ्टवेअरने ती रीड ओन्ली, म्हणजे फक्त वाचण्यापुरती लावता येते, साधं सेव्हन झिपसुद्धा बरेचदा उघडून दाखवतं. फोल्डर दिसले तर कॉपी करून घ्या, संपलं. पार्टिशनच, म्हणजे फाइली ठेवलेला डिस्कचा विभागच दिसत नसेल तर टेस्टडिस्क. पार्टिशन आहे पण फोल्डर विस्कटलेत तर डीएमडीई बघा, त्याच्या फुकट आवृत्तीत एका वेळी एका फोल्डरमधल्या ४००० पर्यंत फाइली काढता येतात आणि नावं, फोल्डर शाबूत येतात. फोटोरेक हे अगदी शेवटी. ते अनुक्रमणिका बघतच नाही, फाइलची सुरुवात ओळखून डेटा उचलतं, त्यामुळे मिळतं पुष्कळ पण नाव, तारीख, फोल्डर काही राहत नाही, एफ आणि पुढे लांबलचक नंबर असलेल्या हजारो फाइली हातात येतात. डीटीपीवाल्यांना सांगते, कोरलच्या ४ हजार बिननावाच्या फाइलींमधून चालू अंकाचं ६४ नंबरचं पान शोधणं म्हणजे काय असतं ते मी केलंय, म्हणून आधी टेस्टडिस्क आणि डीएमडीई नीट करून बघा.

एक गोष्ट फार थोड्या ठिकाणी सांगितलेली असते. फाइल कॉपी झाली म्हणजे चांगली आहे असं नाही, न वाचलेल्या सेक्टरच्या जागी इमेजमध्ये शून्यं असतात आणि फाइलचा साइझ बरोबरच दिसतो. डीडीरेस्क्यूमध्ये फिल मोड आहे, त्याने इमेजच्या कॉपीमध्ये त्या न वाचलेल्या जागांवर आपण ठरवलेला एखादा विचित्र शब्द लिहायचा आणि मग सगळ्या फाइलींमध्ये तो शब्द शोधायचा. ज्यात सापडेल ती फाइल खराब. मला अशा २३ फाइलींची यादी मिळाली आणि प्रेसला पानं पाठवायच्या आधी नेमकं काय पुन्हा नव्याने करायचंय ते समोर आलं. सगळ्या फाइली उघडून बघत बसले असते तर दिवाळी होऊन गेली असती.

लॅपटॉपच्या आतली डिस्क असेल तर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, चालू आहे का आठवा. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर आपल्याला न कळता तो चालू असतो. इमेज उत्तम निघाली तरी ४८ आकडी रिकव्हरी की शिवाय आत काही दिसणार नाही, ती बहुतेक वेळा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते, ऑफिसचा लॅपटॉप असेल तर आयटीवाल्यांकडे.

तिसरी डिस्क माझ्या मामेभावाची, चालू असताना टेबलावरून पडली. टकटक, केबल बदलून तेच. तिला मी दुसऱ्यांदा हात लावू दिला नाही. त्याने त्याआधी एका कंप्युटर रिपेअरवाल्याकडे दिली होती, त्यांनी दोन दिवस "स्कॅनला लावली आहे" असं सांगितलं, टकटक करणारी डिस्क दोन दिवस चालू. असं होऊ देऊ नका. रिपेअरचं दुकान आणि डेटा रिकव्हरी लॅब या वेगळ्या गोष्टी आहेत. हेड बदलायला धूळ नसलेली क्लीन रूम लागते, तशाच मॉडेलची दुसरी डोनर डिस्क लागते, ते काम कोणाच्या टेबलावर पंख्याखाली होत नाही. लॅबला देताना लेखी विचारा: तपासणीची फी किती, डेटा नाही मिळाला तर पैसे लागतात का, डिस्क तुम्ही स्वतः उघडता की दुसऱ्या शहरात पाठवता, पैसे भरायच्या आधी मिळालेल्या फाइलींची यादी दाखवाल का, आणि काहीच नाही झालं तर डिस्क सगळ्या भागांसकट परत मिळेल ना. आधी काय काय झालंय, पडली, चेकडिस्क चालवलं, कोणी उघडली, सगळं खरं सांगा. मामेभावाला जो आकडा सांगितला तो चांगल्या लॅपटॉपच्या जवळपास जात होता, त्यावर त्याच्या मुलीचे पहिल्या वर्षाचे फोटो होते, त्याने दिले पैसे आणि बरेचसे फोटो आले.

डिस्क पाण्यात गेली असेल तर नियम उलटा आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याचं पाणी सोसायट्यांमध्ये शिरलं तेव्हा ओळखीतल्या एकांनी भिजलेली डिस्क तांदळाच्या डब्यात ठेवून वाळवली आणि मग लावून बघितली. वाळवायची नाही आणि लावायची तर मुळीच नाही, आत गेलेलं गढूळ पाणी वाळलं की गाळ तबकडीवर चिकटून बसतो. ओलसरच झिपच्या पिशवीत बंद करून तशीच लॅबला न्यायची.

एसएसडीचं, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या चिपवाल्या डिस्कचं थोडक्यात: ती टकटक करत नाही, बरेचदा काल चालत होती आणि आज दिसतच नाही असं होतं. स्मार्ट बघता येतं पण वरचे हार्ड डिस्कवाले नंबर तिला तसेच लागू करू नका. एसएसडीवरून चुकून डिलीट केलेल्या फाइली परत मिळणं अवघड, कारण ट्रिम चालू असेल तर रिकाम्या झालेल्या जागा ती स्वतःच साफ करते, त्यामुळे कळलं त्या क्षणी मशीन बंद.

डेटा निघाल्यावर जुनी डिस्क लगेच भंगारात देऊ नका, निदान दोन-तीन महिने ठेवा, एखादी फाइल राहिल्याचं नंतर लक्षात येतं. वॉरंटीत असेल तर बदलून मिळेल पण तीच डिस्क परत मिळत नाही आणि तिच्यावर तुमचा डेटा असतो, त्यामुळे काय जास्त महत्त्वाचं ते आधी ठरवा. मी आता चालू काम दोन डिस्कवर ठेवते, तिसरी कॉपी कोथरूडला बहिणीच्या घरी असते, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी अदलाबदल करतो आणि तेव्हाच दोन्हींचा १९७ नंबर वहीत लिहिते.

त्या ४१ फोटोंपैकी ४० पूर्ण आले. एका फोटोचा खालचा अर्धा भाग करडा पट्टा झालाय, आजी वाड्याच्या दारात उभी आहे तो, चेहरा आलाय पण पायऱ्या आणि शेजारी बसलेले बाबा गेलेत. आत्याला विचारलं, मूळ फोटो तिच्याकडे निघाला, देवघराच्या कपाटात. येत्या रविवारी स्कॅनर घेऊन जाणार आहे, बाकीच्या काकांकडेही कोणाकडे काय उरलंय ते विचारलंय.